पाहुण्यांसाठी सोडलेले मासे

परत आल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतो, "काय म्हणाले तुमचे फॉरेनचे पाहुणे? आवडली का आपली भीमा?" आवडली, असं सांगून मी विषय बदलते. खरं म्हणजे या प्रवासाचं नाव काढलेलंही मला नको वाटतं. तरी लिहायला बसले आहे, कारण शिरूर-दौंड रस्त्यानं उभा जन्म एसटीनं ये-जा केलेल्यांनीही तो डोह पाहिलेला नाही. आणि आता मुद्दाम वाकडी वाट करून पाहायला जावं असं तिथं काही उरलेलंही नाही.

आधी पाहुणे कोण ते सांगते. मी मूळची निमोण्याची. पुण्यात एका कॉलेजात माशांचं शास्त्र शिकवते. मध्यंतरी उत्तर पॅसिफिकमध्ये सॅमनचा अभ्यास करणाऱ्या एका जहाजावर मला एक हिवाळा काम करायला मिळालं. सॅमन हा मासा लहानशा ओढ्यात जन्मतो, समुद्रात जातो, तिथं काही वर्षं उंडारतो आणि अंडी घालायला बरोबर आपल्याच ओढ्यात परत येतो. आपल्याकडं लेकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात, तशातलाच प्रकार. फक्त बहुतेक सॅमन माहेरी येतात ते मरायलाच. समुद्रात त्यांना सरहद्द कळत नाही. एका देशात जन्मलेला मासा दुसऱ्याच्या पाण्यात चरतो आणि तिसऱ्याच्या जाळ्यात सापडतो. म्हणून त्या महासागराकाठच्या देशांचे शास्त्रज्ञ एकत्र काम करतात. एकाच जहाजावर सगळ्यांची माणसं, पकडलेल्या माशांची खवलं सगळ्यांत वाटून घ्यायची, खूण बांधलेला मासा कुठंही सापडला तर ज्याचा त्याला निरोप द्यायचा.

त्या जहाजावर मला दोन माणसं भेटली. हारुको जपानची, साठीला आलेली, अंगानं चिमुकली. ती खवलं वाचते. झाडाच्या बुंध्यात वर्षावर्षाची कडी असतात तशी माशाच्या खवलावरही असतात, आणि त्यावरून मासा कुठल्या वर्षी पोटभर जेवला न् कुठल्या वर्षी उपाशी राहिला हे हारुको सांगते. दुसरा पावेल, रशियाचा, दारातून वाकून आत येणारा. कुठला मासा कुठल्या नदीच्या कुळातला, हे तो रक्तमांसावरून ठरवतो. दोघं कितीतरी वर्षं बरोबरीनं काम करत आले. आता त्यांच्या सरकारांचं बिनसलं. एकाचे नमुने दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत जाईनासे झाले, आणि पुढच्या हंगामात जहाजावर पाय ठेवायचा नाही, असं पावेलला वरून बजावलं गेलं. दोघांना एकाच वेळी जिथं जाता येईल असं ठिकाण उरलं ते पुणं. आमच्या कॉलेजातल्या परिषदेचं निमित्त झालं आणि मी त्यांना गाडीत घालून गावाकडं निघाले.

त्यात माझा स्वार्थ होता, उगाच कशाला लपवा. भीमेच्या काठी, शिरूर तालुक्याच्या एका गावात (नाव मुद्दाम लिहीत नाही) महादेवाचा डोह आहे. त्यात महाशीर, म्हणजे मोठाल्या खवलांचे नदीतले मासे आहेत. होते. कुणी कधी त्या डोहात जाळं टाकलं नाही आणि बाहेरून आणून एक बोटुकलं पिल्लूही सोडलं नाही, म्हणून हे कूळ भेसळीवाचून राहिलं. हारुको, पावेल आणि त्यांचे सोबती जगभरातल्या अशाच न बाटलेल्या जागा शोधत होते, सॅमनशी ताडून बघायला. दोघांनी डोह पाहून तो जपायला हवा असं लिहून दिलं असतं, तर तिथली वाळू उपसायला टपून बसलेल्यांच्या तोंडावर मारायला माझ्याकडं काहीतरी आलं असतं. त्या डोहाचा जीव त्या दोघांच्या सहीत होता, एवढं सोपं गणित.

शिरूर

गाडी सलीमभाईंची. शिरूरचेच, वडिलांपासून टॅक्सीचा धंदा, बोलायला बसले की इंजिनापेक्षा जास्त आवाज. एप्रिलचं ऊन कडकडत होतं. घोडनदीच्या पुलावर थांबलो तेव्हा खाली पाण्यापेक्षा जलपर्णी जास्त, आणि पलीकडं मेंढरांचा कळप बसलेला. हारुकोला मेंढरं फार आवडली. पावेलनं नदीकडं बघितलं आणि टोपी खाली ओढली.

टपरीवर चहा घेताना सलीमभाईंनी सरळ विचारलं, "मॅडम, समुद्र इतना बडा, उसमे मछली का टोटा कैसे?" मी दुभाषी झाले. हारुको म्हणाली, टोटा नाहीच, तेच तर दुखणं आहे. प्रत्येक देश आपले सॅमन वाढावेत म्हणून हौदात पिल्लं जन्माला घालतो आणि समुद्रात सोडतो. कोट्यवधी. सोडताना शाळेची पोरं येतात, गाणी म्हणतात, बातमी छापून येते. पण समुद्रातलं खाणं तेवढंच राहतं. मग नदीत आपसूक जन्मलेले मासे अर्धपोटी राहतात, लहानखुरे होतात, कमी परततात. तिनं पाकिटातून एक खवल काढून उन्हात धरलं. कडेची, उपाशी वर्षांची कडी इतकी दाट झाली होती की माझ्या चष्म्याला ती वेगळी दिसेनात.

सलीमभाईंनी मेंढरांकडं बोट केलं. "म्हंजी गायरान एक आन् मेंढरं समद्यांची."

मी ते सांगितल्यावर पावेल पहिल्यांदा हसला. म्हणाला, हे आम्हाला सांगायला पन्नास पानं लागतात, आणि वाचून झाल्यावर सगळे देश म्हणतात, बरोबर आहे, आधी शेजाऱ्याला कमी करायला सांगा.

निमोणे

मुक्काम आमच्या घरी. कांद्याची काढणी चालू, अंगणात कांद्याचे ढीग, पाय ठेवायला जागा नाही. आईनं पिठलं, ज्वारीच्या भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा केला होता. पावेलला मी दोनदा सांगितलं, नखाएवढा घे. त्यानं लोणी समजून बोटभर भाकरीवर फासला. मग काय! लाल झाला, उठला, अंगणात गेला, हापशाखाली डोकं धरून उभा राहिला. आई हातात ताकाचा तांब्या घेऊन त्याच्यामागं, "अरं बाबा, पाणी नगं, ताक पी ताक!" शेजारच्या बायका भिंतीवरून बघत होत्या. या सगळ्या प्रवासात पोट धरून हसलो ते एवढंच.

हारुको पाटावर मांडी घालून आमच्यापेक्षा नीट बसली. तिच्या गावची रीत तिनं आईला सांगितली. हंगामातला पहिला सॅमन खाल्ला की त्याचे काटे गोळा करून नदीला परत देणारी म्हातारी माणसं तिनं लहानपणी पाहिली होती. आई म्हणाली, "चांगली रीत हाय की. आपल्याला दिलं त्याला काईतरी परत दिलंच पाहिजे." आईचं हे वाक्य तेव्हा मला गोड वाटलं होतं.

जेवणं आटोपतात तोच सोपानआप्पांचा फोन आला. हे आप्पा म्हणजे डोहाचे राखणदार. पूर्वी सरपंच होते, बागायतदार, गळ्यात तुळशीची माळ. रोज सकाळी डोहाच्या काठावर बसून ते माशांना लाह्या टाकतात. त्यांच्या वडिलांनीही टाकल्या. गेल्या साली जाळं घेऊन आलेल्या टोळक्याला त्यांनी काठीनं पिटाळलं होतं. मी त्यांना आधीच सांगितलं होतं, की पाहुण्यांना मासे दिसले पाहिजेत. आता ते जरा अवघडून बोलत होते.

"ताई, ऊन लई तापलंय. मासं काय वर यीनात. धा दिस झालं, लाह्या तशाच तरंगत्यात."

"असू द्या आप्पा. खाली गारव्याला गेले असतील. पाहुण्यांना कळतं ते."

"छ्या! एवढ्या लांबनं आल्याली माणसं मोकळा डोह बघून जायची? गावाची लाज हाय का न्हाई? तुम्ही काळजी करू नगा. त्ये माझ्याकडं लागलं."

मला वाटलं, जास्तीच्या लाह्या टाकतील. मी हो म्हणून फोन ठेवला.

न्हावरे

सकाळी लवकर निघायचं होतं, निघालोही. न्हावऱ्याच्या अलीकडं मागचं चाक बसलं. सलीमभाईंनी स्टेपनी काढली, तीही बसलेली. पंक्चरवाला कुणाच्या तरी लग्नाला गेला होता. कांद्याच्या गोण्यांनी भरलेले टेम्पो अंगावर धूळ उडवत जात होते आणि आम्ही लिंबाखाली उसाचा रस पीत बसलो होतो. हारुको म्हणाली, किती छान झालं, नाहीतर इथं थांबलोच नसतो. मीही हसून मान डोलावली. आता त्या लिंबाखालच्या वेळाची आठवण आली की मला माझाच राग येतो. टायर शाबूत असतं तर आम्ही वेळेवर पोचलो असतो.

डोह

लांबूनच हलगी ऐकू आली. मला बरं वाटलं, गावानं मनावर घेतलं म्हणून. काठावर पताका लावलेल्या, सतरंजी अंथरलेली, अख्खं गाव जमलेलं. आप्पा पांढऱ्याशुभ्र धोतरात, हातात नारळ आणि शाली. उतारावर एक टेम्पो मागचा भाग पाण्याकडं करून उभा होता. दोन गडी त्यातून प्लॅस्टिकचे क्रेट उतरवत होते.

"या, या! जरा उशीर केला ताई, मुहूर्त निघून चालला हुता," आप्पा ओरडले. "म्हणलं पाहुण्यांच्या नावानं देवाला मासं अर्पण करावं. डोह कसा भरल्याला दिसंल!"

आणि गड्यांनी शेवटचा क्रेट पाण्यात उलटा केला.

मी धावले. "थांबा! अहो थांबा!" मी किंचाळले, पण हलगीपुढं माझा आवाज कुणाला जाणार? क्रेटमधून काळे, गुळगुळीत, हातभर लांब जीव सळसळत पाण्यात गेले. चपटं डोकं, लांब मिशा. मांगूर! आपला गावठी मांगूर नव्हे, पाळायला बंदी असलेला तो परदेशी. जे दिसेल ते खातो, दुसऱ्याची अंडी, पिल्लं, काही म्हणजे काही ठेवत नाही, आणि चिखलातसुद्धा मरत नाही. त्याच्या आधीचे सगळे क्रेट रिकामे पडले होते.

हारुको माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पावेलनं बूट काढून फेकले आणि तो कपड्यांनिशी पाण्यात उतरला, दोन्ही हातांनी पाणी चाचपत. गावाला वाटलं, पाहुणा आनंदानं आंघोळीला उतरला. टाळ्या पडल्या! शेवटी चार जणांनी त्याला धरून वर ओढलं, कारण पुढं पाणी खोल होतं. त्याच्या हाताला काही लागलं नव्हतं.

मी आप्पांना बाजूला घेतलं. माझा आवाज चढलाच. "आप्पा, हे काय केलंत? कुठून आणले हे?"

"खालच्या अंगाला शेततळ्यावाला हाय, त्याच्याकडनं. कटला मागिटला हुता. त्यो म्हणला, कटला टेम्पोत मरंल, ह्ये मरत न्हाईत. देवाच्या दारी मेलेलं कसं न्यायचं?" आप्पांचा चेहरा अजून हसराच होता. "का वो? मासा म्हंजी मासाच की."

या माणसानं जन्मात मासा हातात धरला नव्हता, खाणं तर लांबच. त्यांच्या लेखी पाण्यात मासे असतात आणि ते देवाचे असतात, एवढंच. मी सांगत गेले तसं त्यांचं हसू मावळलं. त्यांनी माळ मुठीत धरली.

"म्हंजी आपलं मासं ह्ये खाणार?"

"पिल्लं खातील, अंडी खातील. थोड्या वर्षांत हेच उरतील."

आप्पा ताडकन वळले. "हलगी बंद करा! आरं जाळं आणा कुणीतरी! पलीकडच्या वस्तीवर हाय, पळा!"

कुणी हललं नाही. मग त्यांच्याच भावकीतला एक जण हळूच म्हणाला, "आप्पा, ह्या डोहात जाळं? तुम्हीच तर म्हणत आलायसा, डोहात पडलं ते देवाचं झालं."

"आरं, पर ही चूक झाली माझी!"

"चूक तुमची आसंल. मासं तर देवाचं झालं ना. गेल्या साली जाळं टाकणाऱ्याला तुम्ही काठीनं मारलं. आता आम्ही टाकावं व्हय?"

ज्या नेमानं इतकी वर्षं महाशीर जगले, तोच नेम आता मांगुरांची राखण करत होता, आणि तो मोडायला गावात एकही हात तयार नव्हता. मी हात जोडले, बोलले, चिडले, कायदा सांगितला. लोक ऐकून घेत होते, अगदी आदरानं. एका म्हातारीनं मला पाणी दिलं. पण जाळं काही आलं नाही.

तशातच आप्पांनी शाल पुढं केली. मला वाटलं, हारुको आता ती नाकारेल. ती पुढं झाली, तिनं कमरेत वाकून आप्पांना नमस्कार केला आणि शाल घेतली. मग पर्समधून छोट्या कागदी पाकिटांची चळत काढून त्यांच्या हातात दिली. मला म्हणाली, त्यांना सांग, काठावर महाशीरचं खवल सापडलं तर यात घालून मला पाठवा. एक जरी आलं तरी मला कळेल, की अजून कुणीतरी आहे.

आप्पांनी पाकिटं कपाळाला लावली. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी त्यांच्याकडं बघवतही नव्हतं.

भांडगाव

हायवेवर चहाला थांबलो. सोलापूरकडचे ट्रक धडधडत जात होते. सलीमभाईंनी डोहाच्या काठावरून सगळं पाहिलं होतं. त्यांनी त्या दिवशी गाडीत गाणं लावलं नाही. पावेलची पँट अंगावरच वाळली होती. मीच न राहवून म्हणाले, "माफ करा मला. माझ्या लोकांनी असं केलं."

हारुको कप फिरवत म्हणाली, "तुझ्या लोकांनी? मी जन्मभर हेच बघत आले. हलगीच्या जागी आमच्याकडं बँड असतो. आम्ही तर शास्त्रज्ञ, आकडेमोड करून सोडतो. माझ्या वडिलांनी पिल्लं सोडण्यात उभी नोकरी घालवली. फार भला माणूस. त्यांच्यापुढं मला शेवटपर्यंत बोलता आलं नाही. तू निदान बोललीस."

"बोलून काय झालं?"

"काहीच नाही," ती म्हणाली.

ती काही मला धीर देत नव्हती. पावेल रस्त्याकडं बघत म्हणाला, की पुढच्या वर्षी त्याच्या बाजूची खवलं हिच्याकडं जाणार नाहीत, हिची त्याच्याकडं येणार नाहीत. अर्धा समुद्र त्याला दिसेल, अर्धा हिला, आणि मासे तर सगळ्यात फिरतात. मग त्यानं दुसरा चहा मागितला, साखर जास्त घालून. डोहाबद्दल लिहून द्यायचा कागद हारुकोच्या बॅगेत होता. तिनं तो काढला नाही आणि मीही मागितला नाही. काय तोंडानं मागणार?

दौंड

दौंडला स्टेशनावर आमच्या वाटा फुटल्या. पावेलला दिल्लीची गाडी होती, हारुको माझ्याबरोबर पुण्याला परतणार होती. फलाटावर भेळवाला, हमालांची भांडणं, उन्हानं तापलेली बाकडी. गाडी लागल्यावर पावेलनं हारुकोचे दोन्ही हात धरले. त्या दोघांनी एकमेकांना पुन्हा भेटू म्हटलं नाही. एरवी आम्ही तिघंही खोटं बोलायला कमी नव्हतो, पण त्या दिवशी कुणालाच ते जमलं नाही. गाडी हलली तेव्हा सलीमभाईंनीच जोरात हात हलवला आणि ते "संभालके जाना, भाईसाब!" असं ओरडले.

पुण्याला निघण्याआधी दौंडच्या पुलावरून भीमा दिसली. इथवर येईतो तिच्यात पुण्याचं सगळं सांडपाणी मिसळलेलं असतं, फेस वाहत होता. हारुकोनं विचारलं, हीच का ती नदी? मी म्हटलं, हीच.

पावसाळा सरल्यावर परवा आप्पांचा फोन आला. मधे मी फोन केले होते, ते उचलत नव्हते. आवाज पार खोल गेलेला.

"ताई, ती पाकिटं तशीच कोरी हायत बगा. रोज सकाळी काठ धुंडाळतो. दगडाच्या फटी बघतो."

"आणि मासे?"

"मासं लई झाल्यात. लाह्या टाकल्या की पाणी काळं हुतं. बारकी बारकी पिल्लं, मिशा हायत्या त्यांना." मग ते म्हणाले, "ह्यांच्या अंगावर खवलं नसत्यातच न्हवं?"

"नसतात, आप्पा."

"मग बाईंना मी काय पाठवू?"